टोकलं म्हणून नाही, गाठ सुटली म्हणून मासा गेला

प्रश्न : मी अलिबाग तालुक्यातला, वय ३४. नोकरी मुंबईला, सुट्टीच्या दिवशी खाडीवर गरवायला (गळाने मासे धरायला) जातो. सात महिन्यांपूर्वी रॉड-रीळ घेतलं, ३० पौंडी ब्रेड (विणलेली मुख्य दोरी), ४० पौंडी लीडर (तिच्या टोकाला जोडायचा जाड तंगूस) आणि डझनभर लूर (नकली आमिषं). एवढ्या दिवसांत जिताडा एकदाच लागला. संध्याकाळची वेळ, पुलाजवळ बोईटं (छोटे मासे) उडत होती. मी घाईघाईने लूर बदलला आणि दुसऱ्याच फेकीला मासा बसला. रिळावरून दोरी सरसर जायला लागली तसा घाबरलो, ड्रॅग (रिळाचा ब्रेक) आवळला आणि एकदम सगळं सैल. लीडरचं टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं निघालं. त्या दिवशी निघताना शेजाऱ्यांनी ‘कुठे निघालास?’ म्हणून टोकलं होतं. माझ्यापासून वीस पावलांवर सत्तरीचे एक काका हातदोरीला जिवंत कोळंबी लावून बसतात. ते दर आठवड्याला काही ना काही नेतातच. मित्र म्हणतात, ‘मन शांत ठेव, माणूस चिडलेला असला की माशाला कळतं.’ मनाचा खरंच परिणाम होतो का?

उत्तर : होतो, आणि भरपूर होतो. पण मासा तुमचं मन ओळखतो म्हणून नव्हे. मन बिघडलं की हात बिघडतात, आणि हातांनी केलेलं सगळं दोरीतून पाण्यात जातं. तुमच्या पत्रातच त्याचा पुरावा आहे. आधी तोच पाहू.

तुटलेलं टोक नीट बघायची सवय गळ टाकणाऱ्या प्रत्येकाला हवी. टोक चार-सहा इंचांपर्यंत खरखरीत, तंतू उठलेलं असेल तर लीडर खांबावर किंवा कालवांवर घासला. सुरीने कापल्यासारखं साफ असेल तर धार लागली. जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड पात्यासारखी असते, तीही लीडर अशीच कापते. आणि टोक डुकराच्या शेपटीसारखं वळलेलं असेल तर दोरी तुटलेलीच नसते, गाठ सुटलेली असते. वेढे एकमेकांवर पक्के बसलेले नव्हते, ताण आला तसे ते घसरत गेले. ती वळी त्या वेढ्यांचीच. बोईटं उडताना बघून तुम्ही लूर बदललात. ती गाठ कोरडी आणि घाईत बांधलेली होती, आणि मग ड्रॅग आवळून तुम्ही तिच्यावरचा भार वाढवलात. शेजाऱ्यांच्या टोकण्याचा इथे काही संबंध नाही.

म्हणून पहिला उपाय गाठीचा. ४० पौंडी लीडरला युनी गाठ (दोरीचेच वेढे देऊन बांधायची एक गाठ) बांधत असाल तर चार ते पाच वेढे पुरे. जाड तंगुसाला जास्त वेढे दिले की ते नीट बसत नाहीत. आवळण्याआधी गाठ तोंडात धरून थुंकीने ओली करा. एका हिसक्यात आवळू नका, हळूहळू ओढत न्या. वेढे स्प्रिंगसारखे शेजारी-शेजारी बसलेले दिसले पाहिजेत. एकावर एक चढलेले दिसले तर कापा आणि पुन्हा बांधा. उरलेलं टोक दोन-तीन मिलिमीटर ठेवा. मग लूर पक्कडीत धरून, लीडर हाताला फडक्यावरून गुंडाळून जोरात ताणा. सगळं मिळून दीड मिनिटाचं काम आहे. समोर मासे उडत असताना हे दीड मिनिट फार लांब वाटतं, आणि ते घालवायची तयारी ठेवणं म्हणजेच मन ताब्यात ठेवणं. तेही जमत नसेल तर लीडरच्या टोकाला एक मजबूत क्लिप घरीच शांतपणे बांधून न्या. मग खाडीवर लूर बदलायला गाठच लागणार नाही.

ड्रॅगचंही तसंच. ३० पौंड म्हणजे साधारण साडेतेरा किलो. ड्रॅग त्याच्या पाव हिश्शावर, म्हणजे साडेतीन किलोच्या आसपास सुटायला हवा. घरी दोरी गाइड्समधून (रॉडवरच्या कड्यांतून) ओवून ताणकाट्याला बांधा, रॉड लढताना धरतो तसा वाकवा, काट्यावर साडेतीनचा आकडा आला की रीळ दोरी सोडेल असं बटण लावा आणि तिथे नेलपॉलिशचा ठिपका द्या. मासा लागल्यावर बटणाला हात लावायचा नाही. दोरी सरसर जाताना ऐकून छातीत धडधडणारच. पण तो आवाज रीळ आपलं काम करत असल्याचा आहे. मासा अगदीच खांबाकडे निघाला तर स्पूलवर (रिळाच्या दोरी गुंडाळलेल्या भागावर) तळव्याने दाब द्या. तो लगेच काढता येतो. आवळलेलं बटण त्या गडबडीत कुणीही वेळेवर सैल करत नाही. जिताडा उडी मारतो, डोकं झटकतो आणि त्यात गळ सुटतो. तो वर यायला लागला की रॉडचं टोक पाण्याकडे खाली न्या आणि दोरीत ढील पडू देऊ नका.

हिसक्याबद्दल तुम्ही काही लिहिलं नाहीत, पण अधीर माणसाचे मासे सर्वांत जास्त तिथेच जातात. हातात रॉड आहे, बोट दोरीवर आहे. आधी एक बारीक ‘टिक’ येते, नखाने टिचकी मारावी तशी. मग क्षणभर काहीच नाही. मग दोरी जड होते आणि एका दिशेला सरकायला लागते. जिवंत आमिषाला बहुतेकजण त्या पहिल्या ‘टिक’लाच हिसका देतात आणि कोळंबी माशाच्या तोंडातून काढून घेतात. हिसका द्यायचा तो तिसऱ्या टप्प्याला, दोरी सरकत राहिली तर. लूरवर तसं नसतं. जिताडा लूर पाण्यासकट ओढून घेतो, दणका बसतो. तिथे रीळ फिरवत राहा, वजन जाणवलं की रॉड वर न उचलता बाजूला ओढा. दणका बसला आणि गळ लागला नाही तर लूर झटक्यात बाहेर काढू नका. तिथेच थांबवा. पुष्कळदा तोच मासा फिरून येतो.

हे वाचायला सोपं, करायला अवघड. प्रतिक्षिप्त हिसका महिनोन्‌महिने जात नाही. म्हणून आमचा आग्रह असा : स्वभाव सुधारेपर्यंत गळ बदला. आमिषाला सर्कल हुक वापरा, कोळंबीला ३/० मापाचा, बोटभर-वीतभर बोईटाला ५/० मापाचा. त्याचं टोक आत वळलेलं असतं. मासा आमिष घेऊन वळला की गळ घशातून सरकत जबड्याच्या कोपऱ्यात येतो आणि तिथे बसतो. त्याला हिसका द्यायचाच नसतो, दिला तर उलट निसटतो. दोरी जड झाली की नुसतं रीळ फिरवत राहायचं. धीर नसलेल्या हाताला यासारखी दुसरी मदत नाही. शिवाय गळ घशात न जाता ओठात राहतो, त्यामुळे सोडायचा मासा धडधाकट परत जातो. जिताडा आधी नर असतो आणि मोठा झाल्यावर मादी होतो, त्यामुळे थोराड जिताडे बहुतेक माद्याच असतात. त्यांतली एखादी परत पाण्यात सोडावी असं आम्हाला मनापासून वाटतं. उत्साहाच्या भरात कल्ल्यात बोटं घालू नका. खालचा जबडा पकडयंत्राने धरा आणि दुसरा हात ओला करून पोटाखाली द्या.

आता लूर. मोजून बघा. तीन तास खाडीवर आहात. दर दहा मिनिटांनी लूर बदललात आणि डबा उघडणं, निवडणं, कापणं, बांधणं याला प्रत्येकी चार मिनिटं गेली, तर पन्नास मिनिटं लूर पाण्यातच नाही. ज्याचा आपल्या लूरवर विश्वास आहे त्याला मासे जास्त लागतात ते याचमुळे : तो लूर पाण्यात जास्त वेळ असतो, योग्य वेळी असतो आणि मन लावून ओढला जातो. एकदा त्यावर मासा लागला की विश्वास वाढतो, मग तो आणखी वापरला जातो. इथे विश्वास म्हणजे वापरलेला वेळ.

आणि ओढण्याची गती. आतून घाई असली की रीळ जोरात फिरतं. माणसाच्या लक्षातही येत नाही. जिताडा हा दडून बसणारा मासा आहे. खांबाच्या सावलीत, तिवरांच्या मुळांशी, ओहोळाच्या तोंडाशी तो थांबतो आणि समोर थबकलेलं, जखमी वाटणारं भक्ष्य उचलतो. त्यामुळे नऊ ते बारा सेंटिमीटरचा, थांबवला की पाण्यातच तरंगत राहणारा लूर घ्या. दोन छोटे झटके द्या आणि थांबा. किती थांबायचं? तीन ते पाच सेकंद. उतावळ्या माणसाचे पाच सेकंद दीड सेकंदात संपतात, म्हणून मोजायचं ते ओठांत : एक विठ्ठल, दोन विठ्ठल, तीन विठ्ठल. प्रत्येक आकड्याला साधारण एक सेकंद जातो. दणका बहुतेक वेळा या थांब्यातच बसतो. तुमच्या सात महिन्यांतल्या किती फेकींत थांबा होता, ते आठवून पाहा.

लूर बदलायचाच नाही असं नव्हे. कारण असेल तर बदला, आणि कारण मोठ्याने बोलून दाखवा. ‘पाणी गढूळ झालं, गडद आणि जास्त थरथरणारा हवा.’ ‘तळ आठ फुटांवर आहे, हा तीन फुटांवरच चालतो.’ ‘बोईटं बोटाएवढी आहेत, लूर दुप्पट आहे.’ ही कारणं झाली. ‘काही होत नाहीये’ हे कारण नव्हे. एका जागेवर वीस-पंचवीस फेकी, तीन वेगवेगळ्या कोनांतून, मग जागा बदला. चिकाटी आणि हटवादीपणा यांतला फरक इथेच आहे. चिकाटीचा माणूस मासा असण्याजोग्या जागी, पाणी चालू असताना टिकून राहतो. हटवादी माणूस पडलेल्या पाण्यात, रिकाम्या जागी तासन्‌तास फेकत बसतो आणि त्यालाच संयम म्हणतो.

काकांकडे जे आहे ते बहुधा हेच आहे. शांत स्वभाव असेलही, पण त्याआधी ते योग्य वेळी येतात. रायगडच्या खाड्यांत सुकती (ओहोटी) लागली की तिवरांतलं, खाजणातलं पाणी ओहोळांतून खाली येतं, त्याबरोबर कोळंबी आणि बोईटाची पिल्लं येतात आणि जिताडा ओहोळाच्या तोंडाशी उभा राहतो. सुकतीचे पहिले दोन-तीन तास म्हणून मोलाचे. एक पूर्ण खेप रॉड न नेता जा. काका किती वाजता बसतात, कुठल्या बाजूला दोरी टाकतात, किती वाजता उठतात एवढंच बघा. विचारायचं तर ‘मासा कुठे लागतो?’ असं विचारू नका. ‘काका, आज पाणी कधी वळणार?’ असं विचारा. माणूस बोलतो. आणि त्यांच्या दोरीवरून फेकू नका. दुसऱ्याचा मासा बघून आपली फेक नकळत त्याच्याकडे सरकते, दोऱ्या अडकतात आणि दोघांचंही पाणी फुकट जातं.

भरतीची वेळ काढायची कोकणातली रीत तुम्हाला ठाऊक असेलच : तिथीची पाऊणपट. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा वाजता पूर्ण भरती. मुंबई-अलिबागकडे हे अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने जमतं; नेमकी वेळ भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-ओहोटीच्या तक्त्यांत मिळते. खाडीत जेवढं आत जाल तेवढं पाणी मुखापेक्षा उशिरा वळतं, ते तुमच्या जागेसाठी घड्याळ लावून एकदा टिपून ठेवा. पाणी कधी चालणार हे माहीत असलं की वाट पाहणं सोपं जातं. अधीरपणाचं मोठं कारण हेच असतं, की आपण कशाची वाट पाहतोय ते ठाऊक नसतं.

‘चिडलेला माणूस माशाला कळतो’ यातही एक तुकडा खरा आहे. जिताड्याच्या अंगावर कल्ल्यापासून शेपटीपर्यंत जी रेघ दिसते, ते पाण्यातली हालचाल टिपणारं इंद्रिय आहे. चिडलेला माणूस पाय आपटत चालतो, डबा खडकावर टाकतो, टॉर्च पाण्यावर मारतो. माशाला पोचतं ते एवढं. टॉर्च पाण्याकडे पाठ करून लावा आणि काठापासून दोन पावलं मागे उभे राहा. तिवरांतले डास हेही मन उडवणारं एक कारण आहे. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला. मलम लावलंत तर मनगटाने लावा, तळव्याला लागू देऊ नका. डीट असलेलं मलम रबरी लूर आणि प्लॅस्टिक विरघळवतं.

लक्ष टिकण्याबद्दल एक जुना प्रयोग सांगतो. नॉर्मन मॅकवर्थ या मानसशास्त्रज्ञाने १९४८ मध्ये रडारवर नजर ठेवणाऱ्यांसाठी केलेल्या अभ्यासात माणसांना दोन तास घड्याळासारख्या तबकडीच्या काट्याकडे बघायला बसवलं. काटा क्वचित दुहेरी उडी घेई, तेवढी टिपायची. पहिल्या अर्ध्या तासानंतरच लोकांच्या नजरेतून उड्या सुटायला लागल्या. पाण्याकडे बघत बसणं याहून वेगळं नाही. दोन तास काही झालं नाही आणि मग जी टोच आली ती तुमच्या लक्षातच आली नाही, हे अगदी शक्य आहे. म्हणून पंचवीस मिनिटं गरवा आणि पाच मिनिटं दोरी बाहेर काढा. त्या पाच मिनिटांत गळाचं टोक नखावर टेकवून बघा. घसरलं तर बोथट, कानशीने धार करा. लीडरच्या शेवटच्या फूटभरावरून बोट फिरवा, खरखरीत लागलं तर तेवढा कापा. पाणी प्या.

त्याच वर्षी बी. एफ. स्किनर यांनी कबुतरांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला, तो तुमच्या टोकण्याला लागू पडतो. कबुतर काहीही करो, ठरावीक अंतराने दाणे मिळत. आठपैकी सहा कबुतरांनी दाणे आले त्या वेळी जे चाललं होतं, गिरकी घेणं, मान झुलवणं, तेच पुन्हा पुन्हा करायला सुरुवात केली. त्यामुळेच दाणे मिळतात असं समजून वागावं तसं. गळावर मासा क्वचितच लागतो, त्यामुळे आपल्या हातूनही असंच होतं : टोपी, वाट, कुणी टोकलं-नाही टोकलं. टोकल्यावर मन खट्टू होऊन तुम्ही घाई करत असाल, तर तेवढाच त्याचा परिणाम. हवं तर घरातून पिशवी आदल्या रात्रीच गाडीत ठेवा. पण मासा गेला की शेजाऱ्यांकडे नको, लीडरच्या टोकाकडे बघा.

वही ठेवा. तिथी, भरतीची वेळ, पाण्याचा रंग, वारा, जागा, लूर किंवा आमिष. आणि सर्वांत महत्त्वाचा रकाना ‘ओढ किती’. मासे किती, हा रकाना सुरुवातीला फक्त उदास करतो. तीन ओढी आल्या आणि मासा एकही नाही, म्हणजे जागा-वेळ बरोबर आहे, हातात चूक आहे. ओढच नाही, म्हणजे जागा किंवा वेळ चुकली. दोन्हींची औषधं वेगळी. वहीशिवाय दोन्ही दिवस सारखेच वाईट वाटतात.

मधले पाच-सहा रविवार जिताड्याला सुट्टी द्या. वाळूच्या किनाऱ्यावर आठ-दहा नंबरचा छोटा गळ, कोळंबीचा तुकडा, हलकं शिसं आणि मासा मुडदुशी. दिवसाला वीस ओढी येतात, हात ‘टिक’ आणि ‘जड’ यांतला फरक शिकतो, छातीतली धडधड कमी होते. वर्षभरात तीनदा ओढ देणाऱ्या माशावर हे शिकता येत नाही. शिंगाळा लागला तर सांभाळा. पाठीवरचा आणि बाजूच्या दोन परांतला काटा विषारी असतो. लागलाच तर सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात हात बुडवून धरा आणि डॉक्टर गाठा.

एका बाबतीत मात्र मनाचं ऐकू नका : ‘आता एकच फेक.’ भरती सारख्या गतीने चढत नाही. सहा तासांत जेवढं पाणी चढतं त्याचे बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन आणि एक. उधाणाला चार मीटर चढ-उतार असेल तर तिसऱ्या आणि चौथ्या तासात प्रत्येकी एक मीटर पाणी वाढतं. खडकावर उभ्या माणसाची परतीची वाट तेवढ्यात जाते. उठायची वेळ घरून निघण्याआधी ठरवा, घरच्यांना सांगा, फोनवर गजर लावा. गजर वाजेल तेव्हा मासे उडत असले तरी दोरी गुंडाळा.

येत्या षष्ठीला जमलं तर असं करा. सहाची पाऊणपट साडेचार. चार वाजता जागेवर पोचा, पहिली वीस मिनिटं दोरी न टाकता ओहोळाकडे बघा : बोईटं कुठे वळताहेत, फेस कुठल्या बाजूला वाहतोय. पाणी वळलं की सुरू करा, सातला उठा. पिशवीत तीनच लूर, एक वरच्या पाण्याचा, एक मधला, एक खोल. बाकीचा डबा घरी. गाठी आदल्या रात्री. दहा खेपांनंतर पुन्हा लिहा, आणि त्या पत्रात ओढी किती आल्या, किती थांबे मोजले आणि प्रत्येक तुटलेलं टोक कसं दिसत होतं, एवढं नक्की कळवा.